आधी ड्रायव्हर, मग केबल

ऑफिसात सगळे त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे. शिक्षण बेताचंच, पण कॉम्प्युटरला नवीन काही जोडायचं म्हटलं की त्यांच्याशिवाय पान हलत नसे. हलू नये याची काळजी ते स्वतःच घेत.

"आधी ड्रायव्हर, मग केबल," ते बजावायचे. "उलटं केलंत की मशीन रुसलं म्हणून समजा." ड्रायव्हर म्हणजे नव्या वस्तूची कॉम्प्युटरशी ओळख करून देणारा प्रोग्राम, आणि ही मध्यस्थी फक्त आपल्यालाच जमते असा त्यांचा दावा. साधा माऊस जोडायचा तरी पंखा बंद, खोली रिकामी, दाराला आतून कडी. आत ते निवांत पेपर वाचत. "अहो, मग आपल्या घरचा प्रिंटर का चालत नाही?" असं बायकोने विचारलं की मात्र त्यांना एकदम झोप यायची.

अशात हजेरीचं मशीन आलं. अंगठा ठेवला की वेळ नोंदली जाणार. सकाळी सवडीने उगवणारं ऑफिस एकमेकांची तोंडं पाहू लागलं. नव्या मॅनेजर मॅडमनी बजावलं, "डॉक्टर, लवकर चालू करा. नाहीतर गोदामात एक माणूस कमीच आहे."

हेडक्लार्कने त्यांना बाजूला घेतलं. "सगळं तुमच्या हातात आहे. ड्रायव्हर मिळत नाही म्हणून सांगा."

"मिळणारच नाही," डॉक्टर ठामपणे म्हणाले. तो शोधायचा कुठे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मग काय, टेबलावर न मागता चहा येऊ लागला. लोक त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करू लागले. एवढा मान त्यांना सासरीही मिळाला नव्हता.

एका दुपारी मॅडमचा धीर सुटला. त्यांनी केबल उचलली आणि सगळ्यांदेखत सरळ कॉम्प्युटरला खोचली.

"अहो मॅडम, आधी ड्रायव्हर..."

टिंग! कॉम्प्युटरने ड्रायव्हर आपला आपणच शोधून घेतला. मशीन गोड आवाजात बोललं, "अंगठा ठेवा."

"एवढंच होतं? मग इतके दिवस तुम्ही काय करत होतात?" मॅडमनी विचारलं.

डॉक्टरांना डोळ्यांपुढे गोदाम दिसलं. "मॅडम, कालच मी ड्रायव्हर टाकून ठेवला होता. म्हणून तर लगेच चाललं."

"वा! ऐकलंत ना सगळ्यांनी? ही डॉक्टरांची मेहनत."

सगळ्यांनी ऐकलं. हेडक्लार्कने तर फारच नीट ऐकलं.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळे वेळेवर हजर, तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. चहा सगळ्या टेबलांवर फिरला, डॉक्टरांचं टेबल सोडून. "आज गुडघा जरा बरा आहे हो," ते आपणहून म्हणाले. हेडक्लार्कने फायलीत डोकं घातलं.

संध्याकाळी निघताना डॉक्टरांनी अंगठा ठेवला.

"धन्यवाद," मशीन म्हणालं.

दिवसभरात त्यांच्याशी कोणी बोललं ते एवढंच. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा अंगठा ठेवला.