काकूंकडे मुरलेली वायर

"पाय सांभाळा बाई, वायर आहे तिथे. ओलांडून या. तुडवली गेली तर पुन्हा पहिल्यापासून मुरवावी लागते म्हणे."

"वायर कधी मुरते होय?" बोचकं खाली ठेवत शिंपीणबाईंनी विचारलं.

"मला काय विचारता? समोरचे भाऊ म्हणतात मुरते, म्हणून मीही म्हणते मुरते. आपण आपलं वाजवत राहायचं."

इस्त्रीवाल्या काकूंची ही तळमजल्यावरची खोली. मध्ये टेबल, त्यावर दुहेरी घोंगडी आणि कडेला करपलेली चादर. एका भिंतीला दोरीवर टांगलेले शर्ट, दुसऱ्या भिंतीला दोन उंच स्पीकर. त्यांच्यातून निघालेली अंगठ्याएवढी जाड वायर भिंतीच्या कडेकडेने गेलेली, पण जमिनीला कुठे टेकलेली नाही. सूत गुंडाळायच्या जुन्या लाकडी बॉबिनींवर ती अशी ऐटीत पहुडली आहे, की घरात तिच्याइतका आराम कुणालाच नसावा.

त्या बॉबिनी काकांच्या. काका म्हणजे काकूंचे यजमान. उभा जन्म त्यांनी कापडाच्या गिरणीत मागांच्या खडखडाटात काढला. शेजारच्याला हाक मारायची तर कानात तोंड घालावं लागायचं. रिटायर होऊन घरी बसले आणि घरातली शांतता त्यांना खायला उठली. मग त्यांनी खुसपटं काढायला सुरुवात केली. घडी वाकडी आहे, चहा गार आहे, इस्त्री अशी आपटतात का, तू खोकलीस का. खिडकीजवळच्या खुर्चीतून दिवसभर तोफ चालू. काकू शिंपीणबाईंना म्हणायच्या, "माणूस घरात आला आणि माझं घर गेलं बघा."

त्याच सुमाराला समोरचे भाऊ आले. त्यांचं दुकान गाणं ऐकायच्या भारी यंत्रांचं. त्यांची गिऱ्हाइकं अशी तिखट कानाची, की नवी वायर जोडली तर त्यांना गाणं आखडल्यासारखं लागतं. शे-दोनशे तास वाजली की वायर मोकळी होते, असं त्यांचं म्हणणं. तेवढा धीर कुणालाच नसतो, म्हणून वायर मुरवून द्यायचं काम भाऊंकडे. पण दुकानाच्या वर डॉक्टरांचा दवाखाना. रोग्यांच्या छातीत गाणी ऐकू येतात म्हणून डॉक्टर वैतागलेले.

"काकू, तुमच्याकडे एक जुना संच ठेवू का? दिवसभर वाजता ठेवायचा, बस."

"ठेवा की. गाण्याला काही इस्त्री करायची नाही मला."

पहिल्या दिवशी काकांनी कानात बोटं घातली. दुसऱ्या दिवशी एक बोट काढलं. आठवडा झाला नसेल, तबकडी संपली आणि खुर्चीतून आवाज आला, "बंद का केलंस?"

"मी नाही केलं. संपलं ते. हात भरलेत माझे, लावा तुम्ही."

काका कुरकुरत उठले. तबकडी बदलायला उठलाच आहे माणूस, तर दोन शर्टांच्या घड्या घातल्या. कापड हाताला ओळखीचं होतंच. पुढे घड्या त्यांच्याच झाल्या. वायर जमिनीला टेकू नये असं भाऊ बोलून गेले, तर माळ्यावरच्या बॉबिनी काढून, पुसून, यांनी त्या रांगेत मांडल्या. तोफ थंडावली. कधी कधी दोघं तासभर न भांडता काम करू लागली. काकूंना तर आधी भीतीच वाटली, यांना बरं नाही की काय.

मग एक दिवस भाऊ हसतमुखाने आले. त्यांनी नवीन मशीन आणलं होतं. वायरीची दोन्ही टोकं त्यात खोचायची की ती आतल्या आत मुरते, हूं की चूं नाही.

"आता तुम्हाला त्रास नको, काकू."

काकूंनी हातातली इस्त्री बाजूला ठेवली. त्रास नव्हता, हे सांगायला लागेपर्यंत स्पीकर रस्ता ओलांडून गेले.

दुसऱ्याच सकाळी खुर्चीतून पहिला गोळा आला, "कॉलर अशी करतात?"

काकूंनी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी भाऊंचे शर्ट घेऊन त्या दुकानात गेल्या. संच परत द्या, असं म्हणायचं पक्कं करून गेल्या होत्या. तिथे एक वकीलसाहेब भाऊंना उलटतपासणीला घ्यावं तसे धरून बसले होते.

"ही वायर कोरडी वाजते. मागची कशी भरलेली होती. ती कुठे मुरवली होती तुम्ही?"

भाऊ घुटमळले. इस्त्रीच्या दुकानात, असं तोंडाने कसं सांगणार?

"माझ्याकडे," काकू म्हणाल्या.

भाऊंचा चेहरा पडला. वकीलसाहेब मात्र उठले आणि भाऊंना घेऊन थेट खोली बघायला आले. त्यांनी टेबलावर टिचकी मारली, बॉबिन हातात घेऊन वजन पाहिलं, इस्त्रीतून निघणारी वाफ डोळे बारीक करून बघितली.

"रोज एवढी वाफ असते?"

"सोमवारी जास्त," काका खुर्चीतून म्हणाले.

"मला वाटलंच. आवाजाला ऊब येते ती इथली." ते भाऊंकडे वळले. "माझी वायर इथेच मुरवायची. आणि अशाच बॉबिनींवर."

भाऊ जमिनीकडे बघत हो म्हणाले. संध्याकाळच्या आत स्पीकर जागेवर आले. काका दारातच उभे होते. बॉबिनी त्यांनी हलवल्याच नव्हत्या.

"आणि मुरवून खरंच फरक पडतो?" बोचकं सोडत शिंपीणबाईंनी विचारलं.

"मला नाही कळत. वकीलसाहेबांना कळतो. देव त्यांच्या कानांचं भलं करो. आता तर त्यांचे दोस्तही वायरी इथेच पाठवतात. भाऊंचंही भलं होवो, आणि त्या डॉक्टरांचंही, ते ओरडले नसते तर हे सगळं इथे आलंच नसतं."

"साऱ्या गावाला आशीर्वाद वाटते ही," काका म्हणाले. "नवऱ्याचं नाव नाही त्यात."

"तुमचे बनियनसुद्धा इस्त्री करते. आणखी काय पाहिजे?"

शिंपीणबाई हसायला लागल्या. तेवढ्यात तबकडी संपली. काका उठले, वायर जपून ओलांडून गेले आणि दुसरी लावून घड्यांकडे वळले. काकूंनी बोचक्यातला पहिला सदरा झटकून पसरला, पाणी शिंपडलं आणि इस्त्री उचलली.