गस्तवाले लखूभाऊ आणि मुलींची मागची फळी

कॅसलरॉकच्या घाटात रेल्वेच्या रुळांवर चौतीस वर्षं गस्त घातलेला माणूस कॉलेजच्या मुलींना फुटबॉल शिकवतो, हे आमच्या रामनगरात काही जणांना अजून खरं वाटत नाही. मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत एक बाईमाणूस लागतं म्हणून मलाच पाठवतात. त्यामुळं लखूभाऊंचं बरंचसं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

रिटायर झाल्यावर ते धाकट्या बहिणीकडं, बायजाकडं, राहायला आले. दुपारी चार वाजले की आमच्या मैदानाच्या कुंपणाशी येऊन बसायचे. तरुणपणी ते रेल्वेच्या गँगच्या, म्हणजे रूळ राखणाऱ्या कामगारांच्या, संघात मागं खेळायचे, गोव्याकडच्या गँगशी सामने व्हायचे. तेवढाच त्यांचा फुटबॉल.

त्या वर्षी आमच्या मुली बेळगावला जाऊन पहिल्याच सामन्यात नऊ गोल खाऊन आल्या होत्या. प्रिन्सिपॉलनी स्पष्टच सांगितलं होतं की पुढच्या खेपेला पुन्हा अशीच शोभा झाली तर फुटबॉल बंद, मुली थ्रोबॉल खेळतील. खेळ शिकवणारे किरण सर मूळचे खो-खोवाले. फुटबॉल आपल्याला फारसा कळत नाही हे ते लपवत नसत. एक दिवस लखूभाऊ कुंपणावरून आत आले आणि सरांना म्हणाले, "सर, पोरी पळत्यात झकास. पण एकीच्या मागं चौघी पळत्यात, आन् घर उघडं टाकत्यात."

सर म्हणाले, तुम्हीच दाखवा मग. तिथून सुरुवात झाली.

त्यांनी चुन्याची पिशवी मागून घेतली आणि गोलपुढच्या मैदानाचे चार उभे पट्टे आखले. एका पट्ट्यात एक मुलगी. त्यांच्या नोकरीतही असंच असायचं. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, म्हणून रुळांचे तुकडे वाटून दिलेले असतात. प्रत्येक गस्तवाला आपला तुकडा चालत तपासतो. हद्दीच्या दगडापाशी पलीकडचा गस्तवाला येतो, दोघं आपापल्या वह्या बदलतात आणि माघारी फिरतात. वही बदलली म्हणजे माझ्या हद्दीपर्यंत रूळ ठीक आहे, पुढचं तुझ्याकडं.

मुलींनाही त्यांनी तेच शिकवलं. समोरच्या संघाची मुलगी तुमच्या पट्ट्यातून शेजारच्या पट्ट्यात चालली की ओरडून सांगायचं, "नऊ नंबर तुझी!" शेजारणीनं "घेतली!" म्हणायचं. ती "घेतली" म्हणेपर्यंत सोडायची नाही. दोन महिने आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. शिपाई बाबुराव चहा आणून ठेवायचा, तर मीपण एकदा "घेतला" म्हणून गेले.

चार पट्ट्यांसाठी त्यांनी आठ मुली तयार केल्या. किरण सरांना ते पटेना. चांगल्या चौघी घेऊन त्यांनाच पक्क्या करा, असं त्यांचं म्हणणं. लखूभाऊ म्हणाले, सामना कार्तिकात हाय, निम्म्या पोरी कापणीला जातील, तवा काय कराल? प्रत्येक पट्ट्याला दोघी. तुळजाच्या जोडीला केशर, फुलाच्या जोडीला सुनयना, अशी. सुनयना कुळगीकडची. पायाला चपळ, पण आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसालाच ऐकू जावा.

आणि झालंही तसंच. सामना शनिवारी ठरला. आदल्या सोमवारी फुला आणि तुळजा दोघी सांगायला आल्या की त्याच दिवशी गावाकडं भातकापणी आहे. दोघी कुणबी, रानातल्या शेजारशेजारच्या वस्त्यांवरच्या. तिकडं ज्याच्या शेतात कापणी, तिथं प्रत्येक घरातून एक माणूस विळा घेऊन येतं. तुळजाच्या तर स्वतःच्याच शेतात कापणी होती. बाप झिलू गुडघा सुजून बसलेला, आई वीस माणसांच्या जेवणाला लागणार. सगळ्या घरांनी येऊन कापायचं आणि मालकाच्या घरचा विळाच नाही, हे त्यांच्यात फार वाईट दिसतं.

फुलाच्या जागी सुनयना खेळेल, हे ठरलेलंच होतं. पण केशरचा पाय त्याच आठवड्यात मुरगळला होता, म्हणजे तुळजाच्या पट्ट्याला कोणीच उरलं नाही. आणि तुळजा ही मागच्या फळीचं डोकं होती. ती नसेल तर पुन्हा नऊ गोल, हे मलासुद्धा कळत होतं.

लखूभाऊ दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं झिलूकडं गेले. तिथं काय झालं ते तुळजानंच नंतर मला सांगितलं. झिलू म्हणाला, "पोरीनं चेंडू मारून भात घरात येत न्हाई, मामा."

"व्हय, येत न्हाई," लखूभाऊ म्हणाले. "तिचा विळा माझ्या हातात दे."

झिलू हसला. बासष्ट वर्षांचा माणूस, जन्म रेल्वेत गेलेला. पण देवासमोर सुपारी ठेवून विचार केला आणि एका विळ्याला एक विळा, म्हणून हो म्हणाला.

किरण सर मात्र नाराज झाले. दोन महिने मुलींना तुम्ही शिकवलं आणि सामन्याला तुम्हीच नाही? लखूभाऊ म्हणाले, गस्तवाला सुटीवर गेला तर बदली माणूस मुकादम बघतो. बदली माणूसच नसंल तर मुकादम सोता चालतो. मुलींना त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. मला म्हणाले, "वैनी, गोल मोजू नगा. घेतली म्हणत्यात का तेवढं बघा."

शनिवारी निघताना मी गावदेवीपुढं नारळ ठेवला. देवीकडं मी कधी गोल मागत नाही. पोरींचे हातपाय धड राहू देत, एवढंच म्हणते.

बेळगावच्या त्या मैदानाला दोरी लावलेली होती आणि दोरीपलीकडं दोनशे पोरं. आमच्या मुली उतरल्या तशी ओरड सुरू झाली: जंगल सोडून आल्या, वाघ आणलाय का सोबत. सुनयनाच्या शेजारचा पट्टा मयूरीचा. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण सुनयनाचं तोंड मिटलं ते मिटलंच.

विसाव्या मिनिटाला त्यांची नऊ नंबरची मुलगी मयूरीच्या पट्ट्यातून सुनयनाकडं वळली. मयूरी ओरडली, "नऊ नंबर तुझी!" उत्तर नाही. सुनयना तिला धरायला पुढं आली होती, पण तोंडातून शब्द फुटला नाही. मग मयूरीनं शिकवल्याप्रमाणं सोडलं नाही, ती त्या मुलीच्या मागं मागं गेली. एका मुलीवर दोघी, आणि मयूरीचा पट्टा मोकळा. चेंडू तिथंच आला आणि गोल झाला. दहा मिनिटांनी हुबेहूब दुसरा.

मध्यंतराला किरण सरांनी पाण्याच्या बाटल्या वाटल्या. सुनयना खाली बघून बसली होती. मयूरी तिला म्हणाली, "तुला शब्द बोलायला काय पैसं पडत्यात?"

तुळजा म्हणाली, "गप गं. ती न्हाई बोलणार." मग सुनयनासमोर बसून तिनं विचारलं, "हात वर करशील?"

सुनयनानं मान हलवली.

"मग हात कर. आन् मयूरी, हिचा हात न्हाई दिसला तर तू जा. तुझ्या जागंत मी येते, माझ्या जागंत प्रियांका. सगळ्याजणी एकेक घर सरकायचं."

प्रियांका पुढं खेळणारी, आमच्याकडून गोल करेल तर तीच. तिनं तोंड वाकडं केलं, पण मागं आली.

दुसऱ्या अर्ध्यात मी चेंडूकडं बघितलंच नाही, सुनयनाच्या हाताकडं बघत होते. पहिल्यांदा तो खांद्यापर्यंतच गेला. पुढं पुढं डोक्याच्या वर जायला लागला. नऊ नंबरची मुलगी चिडून चिडून लांबूनच मारायला लागली. एकदा चेंडू खांबाला लागून परत आला, तेव्हा माझ्या तोंडून देवीचं नाव निघालं. गोल आम्ही एकही केला नाही. पण तिसरा खाल्लाही नाही. दोन-शून्यानं हरलो.

झिलूच्या शेतात मोबाईलला रेंज नाही आणि रविवारी मैदान बंद, म्हणून लखूभाऊंना काहीच कळलं नव्हतं. सोमवारी चार वाजता ते आले तेव्हा डाव्या हाताच्या दोन बोटांना फडकं बांधलेलं. तिथल्या बायकांनी दिवसभर त्यांची मापं काढली होती म्हणे. मामा, हे रूळ न्हवं, वाका जरा, असं. पण संध्याकाळी झिलूच्या बायकोनं त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं.

मी दोन्ही गोल कसे झाले ते सांगितलं, मध्यंतरातलं सांगितलं.

"चूक माझी हाय, वैनी," ते म्हणाले. "पलीकडचा न्हाई आला तर त्याच्या हद्दीत शिरून पुढं चालायचं, ह्यो नियम. पर मी पुढं गेलो तरी मागं ठेसन असायचं, मी परत येईस्तवर ते गाडी थांबवून धरायचं. पोरींना मी अर्धाच नियम शिकवला. मागं कोण ते सांगितलंच न्हाई. ते तुळजानं सोता काढलं."

मग त्यांनी चुन्याची पिशवी घेतली आणि चार पट्ट्यांच्या मागं, गोलाच्या जरा पुढं, एक आडवा पट्टा मारला, ठेसनाचा.

शुक्रवारी प्रिन्सिपॉलकडून पुढच्या वर्षीच्या खेळांची यादी टाईप करायला माझ्याकडं आली. थ्रोबॉल होता. त्याखाली त्यांच्याच अक्षरात, मुलींचा फुटबॉल.

मी यादीचा कागद मैदानात नेऊन दाखवला. मुली लखूभाऊंभोवती जमल्या. फुला कापणीवरून परत आली होती, ती म्हणाली, "मामा, तुळजाचा विळा तुमी धरला. पुढच्या साली माझा कोण धरणार?"

लखूभाऊंनी मान वर न करता माझ्याकडं बोट केलं. "वैनी हाय की."

मुली हसल्या. मी फुलाला विचारलं, तुमच्या शेताला कुठल्या बसनं यायचं. माझं माहेर खानापूरच्या रानातलं आहे, विळा मला धरता येतो.