गणिताच्या पेपराला न गेलेला माणूस

रखमाजीला एका जागी बसवत नसे. जेवायला बसला तरी दोन घास खाऊन ताट घेऊन ओसरीवर जाई, तिथून अंगणात. अंबड-घनसावंगी रस्त्यावर तो प्रवाशांची काळीपिवळी जीप चालवायचा. सीटा भरेपर्यंत बाकीचे ड्रायव्हर चहा पीत बसायचे आणि हा जीपभोवती चकरा मारायचा. जीपच्या आधी तो जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये होता. मग वेल्डिंग अर्धवट शिकून सोडलं. मग पिठाची गिरणी घातली, तीही वर्षाच्या आत विकली. प्रत्येक काम सोडण्याचं कारण एकच होतं, आणि शेजारच्या सीटवर कोणीही नवा माणूस बसला की गाव मागं पडायच्या आत तो ते सांगून टाकी.

"आपलं डोकं लै चालायचं, साहेब. पण बापानं दहावीतून काढलं आन् औताला जुंपलं. न्हाईतर आज मास्तर असतो मी, मास्तर!"

माणसं चुकचुकायची. रखमाजीला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

घरीही काही बिनसलं की हेच निघे. त्याचे वडील, म्हातारे पुंजाराम, बाजेवर बसून ऐकत. त्यांनी कधी उलट शब्द काढला नाही. रखमाजीला वाटे, काय बोलणार, खरंच आहे ते.

अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये त्याच्या मुलीचा, उषाचा, जातीचा दाखला काढायचा निघाला. त्यासाठी बापाचा शाळेचा दाखला लागतो म्हणाले. रखमाजीचा कधीच हरवला होता. म्हणून तो सोळा वर्षांनी आपल्या जुन्या शाळेची पायरी चढला.

कारकून वामनराव सावकाश माणूस. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि पान शोधू लागले. रखमाजी दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत होता.

"बसा हो जरा. हे बघा, सापडलं. मार्च ब्याऐंशी. दहावी अनुत्तीर्ण, बीजगणिताला गैरहजर." पानाला एक पिवळा पडलेला कागद टाचलेला होता. "आणि हा तुमच्या वडिलांचा अर्ज. कोणाकडून तरी लिहून घेतलेला दिसतोय, खाली अंगठा आहे. 'माझा मुलगा रखमाजी यास पुन्हा परीक्षेस बसवायचे आहे. तो न सांगता जालन्यास निघून गेला आहे. परत आल्यावर घेऊन येतो, तोवर नाव कमी करू नये.'"

"दुसऱ्या कुणाचा आसंल," रखमाजी म्हणाला.

वामनरावांनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

त्या दिवशी त्यानं जीप धंद्यावर काढली नाही. पायीच घराकडे निघाला आणि चालता चालता सगळं आठवू लागलं. विसरला तो कधीच नव्हता. वरून दुसरंच काही रचत गेला होता. पेपराच्या सकाळी तो अंबडच्या स्टँडवर उतरला होता. परीक्षेच्या शाळेचं फाटक दिसलं. पाय थांबलेच नाहीत, फाटकावरून सरळ पुढं गेले. दुपारपर्यंत तो बाजारात हिंडला आणि घरी येऊन म्हणाला, अवघड होता पेपर. निकाल लागायच्या आधीच जालन्याला पळाला. सहा महिन्यांनी परत आला तेव्हा बाप म्हणाले होते, "शाळेत जातू का रानात येतू?" त्यातलं 'रानात' तेवढं त्यानं उचललं होतं.

पुंजाराम गोठ्यात होते.

"आबा, तुमी शाळंत अर्ज देल्ता?"

म्हाताऱ्यांनी वैरण खाली ठेवली. "देल्ता."

"मंग इतकी वर्सं मी तुमच्या नावानं बोंबलून राह्यलो, तुमी बोलले का न्हाई?"

"तुला तसं सांगून बरं वाटायचं. म्हणलं, जगू दे त्याच्यावर." मग वैरण पुन्हा उचलत, "पर तू काई जगला न्हाई रे त्याच्यावर. नुसता पळून राह्यला."

रखमाजीला बापाचे पाय धरावेसे वाटले. तेही जमलं नाही. तो गोठ्यातून बाहेर पडून वेशीपर्यंत जाऊन आला.

जीप पुन्हा सुरू झाली, पण त्याची पंचाईत झाली. शेजारी माणूस बसे, तोंडात जुनं वाक्य येई आणि अडे. एकदा एका पाव्हण्यानं विचारलं, "शिक्षण किती?" तेव्हा तो एकदम बोलून गेला, "दहावी नापास. गणिताच्या पेपराला मीच गेलो न्हाई. भ्यालो." पाव्हणा हसला. रखमाजीचे कान तापले, पण पुढच्या गावापर्यंत स्टिअरिंग त्यानं हलक्या हातानं धरलं होतं.

त्याच साली त्यानं बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. बायको कांताबाई म्हणाली, "लेकीच्या वयाचे पोरं आसतील तिथं." तो म्हणाला, "आसू दे." रोज संध्याकाळी उषा त्याला बीजगणित शिकवी. ती आठवीत, पण तिला गणित छान यायचं. हा दर पाच मिनिटांनी पाणी प्यायला उठायचा.

"बापू, पळू नका. एवढं उदाहरण होऊ द्या."

मार्चात पेपर अंबडलाच आला. फाटक बदललं होतं, पाय मात्र तेच होते. पाय पुढं गेले, पार कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत. तिथं तो उभा राहिला. घामानं हॉलतिकीट ओलं झालं. ह्या वेळी सांगायला काय, कुणाचं नाव घ्यायचं, असं त्यानं स्वतःला विचारलं. एकही नाव सापडेना. तो मागं वळला. वर्गात पोचला तेव्हा दहा मिनिटं उशीर झाला होता.

बाकीचे विषय निघाले. गणितात सात मार्कांनी गेला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसला आणि काठावर सुटला. मार्कलिस्ट पुंजारामांच्या हातात दिली, तर त्यांना वाचता येईना, त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "झालं का बराबर?"

"झालं, आबा."

मास्तर काही तो झाला नाही, ते वय निघून गेलं होतं. जीपच चालवतो. अजून एका जागी अर्धा तास बसवत नाही त्याला. बारावीही बाहेरून द्यायची म्हणून परवा पुस्तकं आणली. दोन वेळा परत करायला निघाला आणि दोन्ही वेळा अर्ध्या रस्त्यातून माघारी आला.