मेश्राम काकांच्या भिंतीवरची दांडी

काल मेश्राम काका गेले. ऑफरोड ग्रुपवाल्यांनो, तुम्ही रडू नका. तुम्हाला शोभत नाही.

कालपासून पाहतोय. कोणी हात जोडतंय, कोणी 'लेजंड' लिहितंय, कोणाला ते अचानक 'नागपूरचा शेवटचा खरा मिस्त्री' वाटायला लागलेत.

आज सकाळी घाटावर यातले किती होते? मला धरून दोन. बाकीच्यांच्या चिखलात न अडकणाऱ्या गाड्या कामठी रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या असतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काका जीपच्या ट्रान्सफर केसचं काम करायचे. इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटून देणारी ती पेटी. तिच्यात ते जास्त ओढीचे लो गिअर बसवून द्यायचे. गाडी हळू चालते, पण कितीही चिखल असो, कसाही चढ असो, निघते.

माझ्या जीपमध्ये त्यांनी बसवलेल्या गिअरला नऊ वर्षं झाली. एक दात गेलेला नाही.

कारण काकांचा एक हट्ट होता. नवे गिअर बसवले की गाडी परत द्यायचे, पण लो टाकायची दांडी काढून स्वतःकडे ठेवायचे. नावाची चिठ्ठी लावून भिंतीवर टांगायचे. हजार किलोमीटर साधी चालवून आणा, मग ते पेटीतलं तेल काढणार, बोटांवर चोळून बघणार. लोखंडाचा चुरा हाताला लागला नाही, तरच दांडी परत.

लोक चिडायचे. मीही चिडलो होतो.

तेव्हा म्हणाले, "दात नवे हायेत गा. एकमेकाशी जमू दे त्याईले. आजच जोर लावशीन त तुटतीन."

आता आमचे विक्रांतभाऊ. ग्रुपचे ॲडमिन. आज सगळ्यात लांब पोस्ट त्यांचीच आहे. 'माझे गुरू' म्हणे.

दोन वर्षांपूर्वी या शिष्याने काकांकडून गिअर बसवून घेतले. चारच दिवसांनी उमरेडच्या बाजूला ग्रुपचा इव्हेंट होता आणि भाऊंना सगळ्यांसमोर चढ चढून दाखवायचा होता. अर्ध्या चढावर पेटीतून कडकड आवाज आला आणि गाडी मागे घरंगळली. मागे कोणी उभं नव्हतं, हे नशीब.

संध्याकाळी भाऊंनी ग्रुपवर लिहिलं, "मेश्रामचे गिअर म्हणजे फुटाणे. आज मरता मरता वाचलो."

खाली तुम्ही सगळ्यांनी अंगठे टाकले. स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे.

दोन-तीन महिन्यांत काकांकडे गिअरचं काम यायचं बंद झालं. ज्या माणसाकडे लोक पार छिंदवाड्यावरून जीप आणायचे, तो स्कूटरच्या क्लच वायरी बदलत बसायला लागला.

तुमच्यातल्या एकानेही साधा प्रश्न विचारला नाही. भाऊंची दांडी तर काकांच्या भिंतीवर होती. मग भाऊंनी लो टाकला कशाने?

मीही विचारलं नाही. मला माहीत होतं.

दांडी माझी होती.

भाऊंनी आदल्या दिवशी फोन केला, यार एका दिवसापुरती दे. दोन्ही जीप सारख्याच. मी स्वतः पाना घेऊन बसवून दिली. वर शहाणपणाने म्हणालो, की काका म्हातारे झालेत, जरा जास्तच करतात.

तुटलेली पेटी काकांनी उघडली तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी तेल बोटांवर चोळलं. बोटं चुऱ्याने चमकत होती. मग त्यांनी भिंतीवरची भाऊंच्या नावाची चिठ्ठी पाहिली, बाहेर गेले आणि माझ्या जीपमध्ये डोकावले. दांडीच्या जागी भोक होतं.

"तुह्या गाडीची दांडी कुठी हाये?"

घरी आहे म्हणालो. पेंट करायला काढली.

"बरं," म्हणाले. बस.

त्यानंतर दोनदा माझ्या जीपचं काम केलं त्यांनी. मला कधी काही विचारलं नाही, कोणाला काही सांगितलं नाही. आणि मी ग्रुपमधली आपली जागा जाऊ नये म्हणून दोन वर्षं तोंड शिवून बसलो. तुम्ही निदान न जाणता अंगठे टाकले होते.

आज घाटावरून त्यांच्या घरी गेलो. खालीच वर्कशॉप आहे. भिंतीवर एकच दांडी उरली होती. चिठ्ठी पिवळी पडली आहे, पण नाव वाचता येतं. मी पाहत उभा राहिलो तर त्यांची मुलगी, प्रज्ञाताई, म्हणाली, "बाबा ते काढू देत नव्हते. म्हणत, ज्याची हाये तो तेल दाखवाले येईन."

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि शटर ओढलं.

दांडीचा फोटो खाली टाकतोय. भाऊ, तुमची आहे, जाऊन घेऊन या. आणि मला ग्रुपमधून काढायचे कष्ट घेऊ नका, मी निघालोय.

काका, तुमचे गिअर तुटले नव्हते, आम्ही ते तोडले. हे मी तुम्ही असताना लिहायला पाहिजे होतं.

जयभीम, काका.