वनिताला मी इंग्रजीत उत्तर दिलं

मैत्रिणींनो, तुटलेल्या बालमैत्रीवरची आपल्या वाचनगटातली कादंबरी मी काल संपवली आणि इथेच नायिकेवर तोंडसुख घेतलं. मैत्रिणीशी एक शब्द बोलायला या बाईला अख्खं पुस्तक लागतं?

आज दुपारी धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसले. शेजारची बाई म्हणाली, "शालिनी ना गो तू? मी अंजूरची वनिता. वळखलं न्हाय?"

लगेच ओळखलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोलणारीच्या गळ्यात पाटी अडकवत. तिने दुसरीला मराठी बोलताना पकडून दिलं, की पाटी त्या दुसरीच्या गळ्यात. वनिताने मला पकडून दिलं होतं. त्यानंतर मी तिच्याशी बोललेच नाही.

"सॉरी, आय डोन्ट नो यू," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. माझ्या मैतरणीसारख्या दिसल्या तुमी," म्हणत ती टेमघरला उतरली.

तेव्हा ती लहान होती, पाटीला घाबरली होती. आज मला कोणाची भीती होती?

अंजूरच्या वनिताला कुणी ओळखत असेल तर सांगा. मी तिच्या दारात जाऊन मराठीत बोलेन. ती उत्तर देईल का हो?