सहा वाजता बंद झालेलं फाटक

गेल्या विधानसभेच्या मतदानाआधीच्या रविवारी, सकाळी, महाळुंगे पडवळमधल्या आमच्या ओट्यावर तीन हजार रुपये जमले. हजर सहा जण: मी, माझे पती, पिंपरी पेंढारचे एक निवृत्त गुरुजी, मंचरचे औषध दुकानदार आणि माझ्या बचतगटातल्या दोघी. प्रत्येकी पाचशे. हिशेब माझ्याकडे आला. घरातल्या दुधाचा आणि टोमॅटोचाही मीच ठेवते.

डोंगराकडच्या एका केंद्रावर नागरिकांनी बसायचं आणि मतं लोक टाकतात की कुणी टाकून घेतं ते पाहायचं, एवढंच आम्ही ठरवलं होतं. पण साध्या नागरिकाला केंद्रात बसू देत नाहीत. आत बसतो तो उमेदवाराचा प्रतिनिधी. म्हणून आम्ही एका अपक्षाकडे गेलो. अनामत जाणार हे त्यालाही ठाऊक होतं.

"बसा की वहिनी," तो म्हणाला, "माज्याकडं न्हाईतरी बसायला माणसं कुठं हायेत?"

त्याने माझ्या नावाचं पत्र दिलं. गुरुजींचं मत जुन्नरला, त्यामुळे त्यांना आत बसता येत नव्हतं. त्यांनी बाहेरचं पाहायचं ठरलं.

मतदानाच्या दोन दिवस आधी गुरुजी आणि मी त्या केंद्राखाली येणाऱ्या, आहुप्याच्या वाटेवरच्या एका वाडीत गेलो. भाताची कापणी चालली होती. एका घराच्या पडवीत एक म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. उजवा पाय खुब्यात मोडलेला, नीट न बसवलेला. घरी बसून मत देण्याची सोय आहे, ती का घेतली नाही, असं मी विचारलं. तिच्या कार्डावरचं वय पंच्याऐंशीला तीन वर्षं कमी भरत होतं आणि पायाचा दाखला कुणी काढून दिला नव्हता.

"कारडावरचं वय साहेबानं लिवलंय, बाई. मला कुनी इचारलं?"

मग तिने मागच्या वेळचं सांगितलं. "मी गेले खुरडत खुरडत, तर म्हन्ले, आजी, तुजं झालंय. मी म्हन्लं, बोट तर कोरं हाय माजं! बघा की! तर हसाय लागले."

अशा वेळी वेगळी मतपत्रिका मागता येते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिचं मत कुणी टाकलं हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. खाली केंद्रावर बसलेल्या, भागातल्या पुढाऱ्याच्या माणसाने एक बाई उभी केली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्याकडे ही रीतच आहे. मुंबईला गेलेल्या भावाचं मत धाकटा टाकतो, अंथरुणावरच्या सासूचं सून टाकते. मत वाया जाऊ नये, असं म्हणतात. मत वाया जात नाही, माणूस जातो, एवढंच.

"या टायमाला मी माज्या हातानं टाकनार," ती म्हणाली. "तू हाईस ना तिथं?"

मी हो म्हणाले.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी शाळेच्या खोलीत बाकावर बसले. माझ्या शेजारी तोच पुढाऱ्याचा माणूस. गोरा, गुळगुळीत, बोलायला गोड. पहिल्या तासात त्याच्या इशाऱ्यावर आलेल्या एका पोराची ओळख मी हरकत घेऊन तपासायला लावली. कार्डावरचा फोटो आणि पोर यांच्यात वीस वर्षांचं अंतर होतं. पोराने काढता पाय घेतला.

"वहिनी, लई कडक हाय तुमी," तो म्हणाला. "घरी भाऊंचं काय व्हत आसंल?"

"ते रांगेत उभे राहून मत देतात," मी म्हणाले.

त्यानंतर दुपारपर्यंत दुसऱ्याच्या नावावर कुणी आलं नाही. मला बरं वाटत होतं.

दुपारी जेवायला बाहेर आले तेव्हा गुरुजी खुशीत होते. पुढाऱ्याने वाडीतले लोक आणायला जीप लावली होती. मतदारांना फुकट गाडीतून आणणं हा गुन्हा. शाळेपाशी आणि घाटातल्या एका वळणावर तेवढी मोबाइलला रेंज येते, त्या वळणावरून गुरुजींनी जीपचा फोटो काढून निवडणूक आयोगाच्या ॲपवर तक्रार टाकली. तासाभरात भरारी पथक आलं आणि जीप ड्रायव्हरसकट घेऊन गेलं.

"पहिल्यांदा बघतोय कायदा हलताना," गुरुजी म्हणाले.

मी विचारलं, "आणि आतले लोक?"

"उतरवले. चालत येतायत."

तेवढ्यात चालत आलेल्यांपैकी एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "म्हातारी तितंच बसलीय वळनावर. कशी येईल ती? आन् तिनं तर तीस रुपये दिल्यालं ड्रायव्हरला. फुकाट न्हाई येनार म्हन्ली, कुनाचं मिंधं व्हयाचं न्हाई म्हन्ली."

ती जीप म्हणजे वाडीची रोजचीच वडाप होती. तीस रुपये सीट, बाजाराला, दवाखान्याला, सगळ्याला. एसटी आली तर आली. पुढाऱ्याने दिवसभरासाठी तीच भाड्याने घेतली होती, कारण दुसरी गाडीच नव्हती. आम्ही सगळे डांबरी सडकेवरचे. दारात दुचाकी, पलीकडे रिक्षा. जीप दिसली आणि आम्हाला लाच दिसली. जीप उचलली की त्या वाडीचा रस्ताच उचलला जातो, हे सहांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गुरुजींनी मोटारसायकलची किल्ली काढली. फाटकापाशी चहा घेत उभा असलेला पुढाऱ्याचा माणूस हसला. मोबाइल वर धरून म्हणाला, "काडा की गाडी, गुर्जी. बसवा आजीला. मी बी फोटू काडतो. अपक्षाचा मानूस मतदार वाहतोय म्हून टाकतो ॲपवर. कायदा समद्यास्नी सारका."

बरोबर होतं त्याचं. चिडून काही उपयोग नव्हता. गुरुजींनी किल्ली खिशात ठेवली आणि अपंग मतदारांच्या सरकारी गाडीसाठी फोन लावला. गाडी निघाली होती. तासाने पुन्हा लावला, तेव्हाही गाडी निघालेलीच होती. तिसऱ्यांदा फोन उचलणाऱ्याने नाव आधी नोंदवलं होतं का, असं विचारलं.

मी आत जाऊन बसले. माझ्या मतदार यादीत तिच्या नावासमोरची जागा मोकळी होती. दिवसभर मी त्या जागेवर डोळा ठेवून होते, दुसरं कुणी तिथे येऊ नये म्हणून.

सहाला केंद्राध्यक्षांनी रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या आणि शिपायाने फाटक लावलं. अजून आत मतदान चालू होतं, तेवढ्यात बाहेर गलका झाला. कापणीवरून परतलेल्या दोघा पुतण्यांनी म्हातारीला घोंगडीच्या झोळीत, बांबूला बांधून आणलं होतं. अंधार पडत होता. पोरांच्या अंगावर भाताचा कोंडा तसाच होता.

केंद्राध्यक्ष तरुण होते, भले होते. ते फाटकापर्यंत गेले. म्हणाले, "दहाच मिनिटं झालीत. सगळे प्रतिनिधी हो म्हणत असतील तर..." आणि आमच्याकडे पाहिलं. त्यांना तसा अधिकार नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

पुढाऱ्याचा माणूस तयारच होता. "घ्या की आत. आमची ना न्हाई. आजीला घ्या, मंग आमची बी दहा पोरं उबी हायेत, त्यास्नी बी घ्या. उशीर समद्यास्नीच झालाय."

पोरं खरंच उभी होती. मोटारसायकलींवर, फाटकाच्या पलीकडे, सकाळपासून माझ्यामुळे जी आत यायला धजली नव्हती ती.

म्हातारी झोळीतून माझ्याकडे पाहत होती. "बाई, सांग की त्यास्नी. तू वळखतीस मला."

मी म्हणाले, "फाटक बंद झालंय, आजी."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. पुतण्याला म्हणाली, "चल. हितं बी सायबच बसल्यात."

मतदान संपल्यावर मी कागदावर सही केली: मतदान वेळेत बंद झालं, हरकत नाही. सगळं खरं होतं. त्या दिवशी तिच्या नावावर कुणीही मत टाकलं नाही. तिनेही नाही. वाडीतली कितीतरी माणसं जीप गेल्यावर घरीच राहिली, आणि पुढाऱ्याचा उमेदवार त्या केंद्रावर नेहमीसारखाच पुढे राहिला.

आमच्या अहवालाचं मंचरला भरलेल्या नागरिकांच्या सभेत कौतुक झालं. गैरप्रकार शून्य. मी उठून जीपचं सांगायला लागले, तेव्हा औषध दुकानदार म्हणाले, "ताई, चांगल्या कामात असं थोडंफार होतंच." ते म्हातारीला भेटले नव्हते. पुढच्या वेळी वाडीतच केंद्र मागू, असं ठरलं. अर्ज मी लिहिला. त्याला उत्तर आलेलं नाही.

जीप आठवडाभर पोलीस ठाण्यात उभी होती. पुढाऱ्याच्या माणसाने जबाब दिला की जीप कुणी ठरवली ते त्याला माहीत नाही. ठरलेलं भाडंही त्याने ड्रायव्हरला दिलं नाही. पावती दाखव म्हणाला. मतदार फुकट गाडीतून आणल्याचा गुन्हा कुणावरच लागला नाही. विनापरवाना प्रवासी वाहतुकीचा लागला, तो ड्रायव्हरवर.

आमच्या तीन हजारांतले अठराशे पन्नास पेट्रोल, जेवण आणि झेरॉक्सला गेले. उरलेले ड्रायव्हरला द्यावेत असं मी सुचवलं. बाजूने मी आणि गुरुजी, विरुद्ध चार. त्यात माझे पतीही होते. ज्याला आपणच पकडून दिलं त्याला पैसे दिले तर लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. उरलेले अकराशे पन्नास मंचरच्या फ्लेक्सवाल्याला दिले, आमच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सचे. ड्रायव्हरने दंडाचे पाच हजार सरकारला भरले, आणि म्हातारीचे तीस रुपये तिच्या घरी जाऊन परत दिले.