सिद्धेश, शर्ट वर कर

बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीत पाहुण्यांना दाखवायला इतरांच्या घरी शोकेस असायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या मालनकाकूंकडे सिद्धेश होता.

चहा झाला की काकू हाक मारायच्या, "झिला, शर्ट वर कर. मामांक दाखय."

सिद्धेश बॅट भिंतीला टेकवून शर्ट वर करायचा. छातीच्या मधोमध उतरलेला तो व्रण बघून कोकणातून आलेले पाहुणे हात जोडायचे. कणकवलीच्या मामांनी तर तो वितीने मोजला होता. पुढच्या वर्षी पुन्हा मोजून ते आनंदाने ओरडले, "वाढलो गो!" पोरगं वाढतंय म्हणून व्रण वाढतोय, हे सांगायची कोणाची प्राज्ञा नव्हती. काकूंनी तेही श्रेय देवीला देऊन टाकलं.

तसं कारणही होतं. सिद्धेशच्या हृदयात जन्मतःच भोक होतं, आणि फुप्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद. रडला की ओठ निळे पडायचे. पाचव्या वर्षी ऑपरेशन झालं. त्याआधी काकूंनी गावच्या देवीला नवस बोलला होता, पोर वाचलं तर त्याच्या वजनाइतका गूळ वाहीन. पोर वाचलं. गिरणीतून रजा काढून सिद्धेशचे वडील, दत्तारामकाका, सगळ्यांना गावी घेऊन गेले. सिद्धेश तराजूच्या एका पारड्यात बसला, दुसऱ्यात गूळ. तेव्हापासून दर मे महिन्यात त्याला देवीपुढे उभं करायचं, हा घरचा नेम.

सिद्धेश मोठा झाला, कुरिअर कंपनीत सुपरवायझर झाला. लग्न ठरताना श्वेताच्या वडिलांपुढेही त्याने शर्ट वर केला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि होकार दिला. मुलाची पत्रिका कोणी मागितलीच नाही.

चाळिशी जवळ आली तसा तो दोन जिने चढताना मध्येच थांबायला लागला. सोसायटीत डॉक्टरांचा तुटवडा कधीच नव्हता. "पोट कमी कर रे!" "वडापाव सोड." "एसीत बसून बसून वाट लागली तुझी." श्वेताने मात्र कोणाचं न ऐकता त्याला हृदयाच्या डॉक्टर बाईंकडे नेलं.

बाईंनी विचारलं, "शेवटची तपासणी कधी केली होती?"

"तेव्हाच."

"तेव्हा म्हणजे?"

"पहिलीत होतो मॅडम."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग शांतपणे समजावलं. लहानपणी केलेलं काम चांगलं होतं, त्यामुळेच तो आज समोर बसलाय. पण असं हृदय एकदा दुरुस्त केलं की विषय संपत नाही, आयुष्यभर ते बघत राहावं लागतं. फुप्फुसाकडची झडप कित्येक वर्षं गळत होती. हृदयाची उजवी बाजू ताणली गेली होती. झडप बदलायला हवी, आणि लवकर.

"आधी आला असतात तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा घरच्यांना सांगितलं असणारच."

सिद्धेश घरी आला तेव्हा काकू सोलकढीसाठी नारळ खवत होत्या.

"आई, डॉक्टरने तपासणीला आणायला सांगितलं होतं?"

खवणी थांबली. "सांगलेला. दर वर्षी."

"मग?"

"नवस फेडलो ना आम्ही! गुरवान देवीपुढे गाऱ्हाणा घातल्यान, पोर तुझ्या पदरात घातला म्हणान. मगे परत डॉक्टराक दाखवचा म्हणजे देवीर इस्वास नाय."

"बाबांना माहीत होतं?"

"तेच म्हणाले, नको."

सिद्धेश भिंतीकडे वळला. दत्तारामकाका हार घालून हसत होते. फोटोतल्या माणसाशी भांडायचीही सोय नसते.

"आणि मी येड्यासारखा अख्ख्या कोकणाला शर्ट वर करून दाखवत होतो!" तो ओरडला. "ज्याला दाखवायचं होतं, त्यालाच तेवढं नाही!"

"आमच्या पप्पांनी चष्मा लावून बघितलं होतं हो," श्वेता हळूच म्हणाली. काकूंना ते त्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं असावं.

ऑपरेशन झालं. नवी झडप चांगली चालतेय. ताणलेली बाजू मात्र पूर्ववत होईलच असं नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय. सिद्धेश आता न थांबता दोन जिने चढतो. फक्त आईशी बोलत नाही. 'जेवण वाढ' हेही श्वेतामार्फत.

परवा कणकवलीचे मामा आले, बोटं ताणूनच. चहा झाला. काकूंनी सवयीने तोंड उघडलं. सिद्धेशने गळ्यापाशी उघडं राहिलेलं बटण लावलं आणि तो आत निघून गेला. मामांनी ती वीत मग गुडघ्यावर ठेवून दिली.

काल त्याची तपासणी होती. काकू ठेवणीतली साडी नेसून त्याच्या आधीच गेटवर उभ्या होत्या. रिक्षा आली. श्वेता बसली, सिद्धेश बसला, आणि उरलेल्या जागेवर त्याने फायलींची पिशवी ठेवली.

"तीन सवारी?" रिक्षावाल्याने काकूंकडे बघत विचारलं.

"दोघं," सिद्धेश म्हणाला.

रिक्षा वळली. काकू पदर सावरत चार पावलं तिच्यामागे धावल्या आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "सिद्धू! परत कधी येवचा ता इचारून घी रे त्यांका!"

सिद्धेशने मागे पाहिलं नाही.